जाणाऱ्याचे देणे



"शिकले इथं, खाल्लं इथलं, आणि कमवायचं वय आलं की तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला चालले. याला कृतघ्नपणा नाही तर काय म्हणायचं?" हे वाक्य आपल्या राजूरमध्ये सध्या वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. बोलणारे वाईट मनाचे नाहीत. बहुतेकांची स्वतःची मुले कुठेच गेलेली नाहीत, आणि शेजारच्या घरातून निघालेली बॅग पाहून त्यांच्या पोटात कालवाकालव होते. ज्यांची मुले निघाली आहेत त्यांनाही आनंदच आहे असे नाही. तेही हळू आवाजात विचारतातच, की पाठवतो आहोत ते बरोबर आहे ना?

पगार किती आणि थंडी किती, याची उत्तरे मोबाइलवर मिळतात. बरोबर की चूक, याचे उत्तर तिथे मिळत नाही. म्हणून या रविवारी थोडे सविस्तर लिहितो.

आधी वस्तुस्थिती पाहू. जर्मनीतल्या निम्म्या लोकांनी पंचेचाळिशी गाठली आहे. भारतातले निम्मे लोक तिशीच्या आत आहेत. तिकडे रुग्णालये, वृद्धाश्रम, वर्कशॉप आणि बसडेपो माणसांवाचून अडले आहेत. म्हणून त्या देशाने २०२० साली कुशल कामगारांसाठी नवा कायदा आणला आणि २०२३ मध्ये तो आणखी सैल केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतातल्या कुशल लोकांना दरवर्षी द्यायच्या व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा झाली. आपल्या महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार मनुष्यबळ पुरवायचे ठरले: परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, स्वयंपाकी. करार म्हणजे व्हिसा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. भाषेच्या परीक्षा आणि आपल्या प्रमाणपत्राला तिकडची मान्यता या दोन पायऱ्यांवर पुष्कळ जण अडकतात, आणि वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

आता 'संकट' या शब्दाकडे येऊ. देश आर्थिक संकटात सापडला की शिकलेली तरुण मुले प्रथम बाहेर पडतात, हे आपण शेजारच्या श्रीलंकेत पाहिले. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवली. पेट्रोलसाठी दिवसभर रांगा लागल्या, औषधे मिळेनात. त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक लोक कामासाठी देश सोडून गेले. डॉलर यावेत म्हणून सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजा घेऊन परदेशी कामाला जाण्याची मुभा दिली. डॉक्टरही गेले आणि मागे रुग्णालये ओस पडू लागली. घर सावरण्यासाठी घरातली भांडी विकावीत, तसा हा प्रकार होता. फरक एवढाच की ही भांडी बोलणारी-चालणारी माणसे होती.

भारत काही श्रीलंकेसारखा बुडालेला नाही. पण संकट देशाच्या जमाखर्चातच दिसते असे कुठे आहे? ते एखाद्या जिल्ह्यातही मुक्काम ठोकते. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत आपला यवतमाळ होता, कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नव्हत्या. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना याच जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. खाणींतही खुल्या खाणींची मोठी यंत्रे आली, कायमची नोकरी आटली आणि ठेकेदाराकडची कामे वाढली. बापाला वेकोलिने क्वार्टर दिले, पोराला ठेकेदार गेटपास देतो. देशाचे आकडे काही सांगोत, आयटीआय करून बसलेल्या पोराला संकट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

तर, असा मुलगा किंवा मुलगी निघून गेली तर ती कृतघ्न ठरते का?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, ऋण आणि कर्ज. रोजच्या बोलण्यात आपण ते एकमेकांत मिसळतो, पण ते एक नाहीत. कर्जाला आकडा असतो, मुदत असते, आणि ते फिटते. ऋण फिटत नाही. आईच्या दुधाचे ऋण कोणी फेडले आहे काय? संत थॉमस अक्वायनस सांगतात की परमेश्वरानंतर माणूस आईवडिलांचा आणि आपल्या भूमीचा ऋणी असतो, आणि या ऋणाची पुरती परतफेड होऊ शकत नाही. पण म्हणूनच त्याची वसुलीही करता येत नाही! ऋण मानायचे असते. त्यासाठी कोणी दाराशी तगादा लावायचा नसतो. ज्या देण्याचा आकडा कधी सांगितला जात नाही आणि जे कधी फिटतही नाही, ते कोणत्या वहीत असते हे आपल्या भागातल्या माणसाला मी काय सांगावे? सावकाराच्या. 'देशाने तुला शिकवले' असे म्हणून तरुणाला जन्मभर बांधून ठेवू पाहणारा माणूस ऋणाची गोष्ट करतो आणि हिशेब मात्र सावकारीचा ठेवतो. शासनाचे खरोखर देणे असेल तर ते आकड्यात सांगावे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्याला वर्षभर सेवा करायचे, नाहीतर दंड भरायचे बंधपत्र द्यावे लागते. ते न्याय्य आहे, कारण ते आधी सांगितलेले आहे आणि ते संपते.

सेमिनरीत आम्हाला प्लेटोचा 'क्रिटो' हा संवाद शिकवला जाई. सॉक्रेटिस तुरुंगात आहे, मृत्युदंड ठरलेला आहे, आणि मित्र क्रिटो त्याला पळून जायला सांगतो. सॉक्रेटिस नाही म्हणतो. नगराचे कायदे जणू समोर उभे राहून बोलत आहेत, अशी तो कल्पना करतो: आम्ही तुला वाढवले, शिकवले, आता आम्हाला मोडून पळतोस? देशाचे ऋण सांगण्यासाठी हा उतारा पुष्कळदा पुढे केला जातो. पण तेच कायदे त्याच संवादात आणखी एक गोष्ट सांगतात, ती सहसा कोणी सांगत नाही. प्रौढ झाल्यावर ज्याला हे नगर पसंत पडले नाही, त्याने आपली चीजवस्तू घेऊन खुशाल दुसरीकडे जावे, आमची आडकाठी नाही, असे ते म्हणतात. म्हणजे सॉक्रेटिसच्या थांबण्याला मोल आले, ते त्याला जायची मुभा होती म्हणून.

ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत संदिग्ध नाही. पोप योहान तेविसावे यांनी १९६३ च्या परिपत्रकात योग्य कारण असेल तर परदेशी जाऊन राहण्याचा हक्क माणसाच्या हक्कांत मोजला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली तो हक्क पुन्हा सांगितला, आणि त्याच ठिकाणी हेही सांगितले की माणूस जातो तेव्हा त्याच्या देशाचे नुकसान होते, ते नाकारू नये. दोन्ही गोष्टी एका दमात. मला हे फार प्रामाणिक वाटते.

आणि आपण राजूरकरांनी तरी जाणाऱ्याला बोल लावावा काय? सकाळी मिस्सेनंतर चर्चच्या दारात उभे राहून कान दिले तर मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी सगळे ऐकू येते. कोणाचे आजोबा दुष्काळाने उठले, कोणाचे कर्जाने, आणि कोळशाच्या नाहीतर चुनाभट्टीच्या कामाला इथे आले. त्यांच्या गावातही मागे कोणीतरी म्हणालेच असेल, की पोरगं गावाला विसरलं.

एक आक्षेप मात्र असा झटकून टाकता येणार नाही, तो परिचारिकांचा. जर्मनीत हजार माणसांमागे सुमारे बारा परिचारिका आहेत, आपल्याकडे दोनच्या आसपास. ज्याच्याकडे बारा आहेत त्याने दोनवाल्याच्या ताटातून उचलावे, हा कुठला न्याय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली यासाठी आचारसंहिता केली: ज्या देशांत आरोग्यसेवकांचा फार तुटवडा आहे तिथून श्रीमंत देशांनी मोहीम काढून भरती करू नये. २०२३ साली अशा पंचावन्न देशांची यादी आली. भारत त्या यादीत नाही. देशाची सरासरी बरी दिसते. पण सरासरी कधी आजारी पडत नाही, आजारी पडतो तो झरी-जामणीच्या पोडावरचा कोलाम. त्याच्यापर्यंत नर्स पोहोचलेली नाही, हे खरेच आहे.

पण ती जर्मनीला गेली म्हणून पोहोचली नाही का? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की लहानातल्या लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा. आपल्या ओळखीतल्या जीएनएम झालेल्या मुलींना विचारा, हातात किती पडतात. बारा तासांची ड्यूटी, आठ-दहा हजार रुपये, आणि वर डॉक्टरसाहेबांचे उपकार. सरकारी भरती निघते ती बहुधा कंत्राटी. आपण तिला इथे ठेवण्यासाठी काही केले नाही, आणि ती निघाली की मात्र तिच्यावर आदिवासी रुग्णाचा भार टाकतो. हा प्रश्न बावीस वर्षांच्या मुलीला विचारायचा नसून तिला आठ हजार देणाऱ्याला, जागा न भरणाऱ्याला, आणि तयार माणूस फुकटात उचलणाऱ्या देशाला विचारायचा आहे. तिला शिकवायला त्या देशाचा एक पैसा लागलेला नाही.

इथपर्यंत वाचून तरुण मंडळी खूश झाली असतील. जरा थांबा.

जायचा हक्क आहे, पण जाणे मोकळ्या मनाचे आहे का? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१३ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात आठवण करून दिली की स्थलांतराच्या हक्काच्याही आधी आपल्या भूमीत राहता येण्याचा हक्क आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ चा संदेशच या विषयाला वाहिला: जावे की राहावे, हे निवडण्याची मोकळीक. घरचे दोन एकर गहाण टाकून, एजंटाला काही लाख मोजून जो निघतो, त्याने निवड केली असे मी म्हणू शकत नाही. तिथे पोहोचल्यावर मालक कसाही निघाला तरी त्याला परत फिरता येत नाही, कारण मागे व्याज चालू असते. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेल्या एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याचे नाव ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येते. जो जास्त मागतो किंवा पावती देत नाही, त्याच्याकडे पाठ फिरवा. २०२४ साली चांगल्या नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेली आपली मुले युद्धाच्या आघाडीवर सापडली. काही परत आलीच नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने लष्करी विमानाने परत पाठवलेल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. दोन-तीन घरांची हकिकत एकत्र करून सांगतो, म्हणजे कोणाला बोट दाखवल्यासारखे होणार नाही. वडील खाणीतून निवृत्त, छातीचा आजार, दर दोन महिन्यांनी सेवाग्रामला दाखवायला न्यावे लागते. मुलगी नर्स, जर्मन भाषेची परीक्षा पास झालेली, निघायच्या तयारीत. मुलगा टिप्परवर, पाळीचे काम. आणि घरात सून. मुलगी जाणार हे आईवडिलांनी ठरवले, भावाने होकार दिला, मामांनी पैशांची सोय केली. वडिलांच्या गोळ्या, वाफ, रात्रीची उठबस आजवर मुलगी पाहत होती, कारण तिला ते येत होते. आता ते सुनेकडे आले. तिला कोणी विचारले? बैठकीत तिने चहा दिला, तेवढाच तिचा सहभाग.

परदेशातल्या वृद्धाची सेवा करायला आपल्या घरातून एक बाई जाते, तेव्हा आपल्या घरातल्या वृद्धाची सेवा दुसऱ्या बाईवर पडते. पहिलीला त्याचा पगार मिळतो, रजा मिळते, तिच्या नावाने गावात फ्लेक्सही लागतो. दुसरीला यातले काही नाही. पुढे युरो येऊ लागले की वणीत प्लॉट घेतला जातो. तो कोणाच्या नावावर असतो, हे सांगायला नको.

रूथचे पुस्तक आपण लग्नाच्या मिस्सेत वाचतो आणि सुनांना सांगतो, रूथसारख्या व्हा. ते पुस्तक एकदा सावकाश वाचा. सुरुवात दुष्काळाने होते. बेथलेहेम, ज्या नावाचा अर्थच भाकरीचे घर, तिथे भाकरी उरली नाही, म्हणून अलीमलेख बायको-मुलांना घेऊन परक्या मवाब देशात जातो. पवित्र शास्त्र त्याला कृतघ्न म्हणत नाही. पुढे तो आणि दोन्ही मुलगे मरतात, आणि नामी परत निघते तेव्हा ती दोन्ही सुनांना स्वतःहून मोकळे करते, माहेरी जा म्हणून आग्रह करते. अर्पा रडते, सासूचे चुंबन घेते आणि जाते. तिच्याविषयी वाईट असा एक शब्द तिथे नाही. आपणच प्रवचनांतून तिला नावे ठेवली. रूथ थांबते. तिच्या थांबण्याला एवढी थोरवी आहे, कारण तिला दार उघडे होते. जिला जायला सांगितलेच नाही, जिला विचारलेच नाही, तिच्या थांबण्याला रूथचे नाव देणे म्हणजे फुकटची मजुरी घेऊन वर हार घालणे आहे.

म्हणून मला वाटते, जाणाऱ्याचे देणे कोणाकडे लागते याचा शोध आपण चुकीच्या दिशेने घेतो. देश फार मोठा आहे. त्याचे ऋण मनात ठेवावे. पण ज्या एका माणसाच्या थांबण्यामुळे आपल्याला जाता आले, त्याचे देणे ऋण म्हणून देवघरात ठेवण्यासारखे नाही. त्याला आकडा लावता येतो आणि तो लावलाच पाहिजे. निघण्याआधी घरात बसून बोला: वडिलांना सेवाग्रामला कोण नेणार, त्या दिवसाची मजुरी बुडते ती कोण भरणार, मदतीला बाई ठेवायची तर तिचे पैसे कोण देणार, वर्षातून एक महिना थांबणाऱ्याला सुटी कशी मिळणार, आणि तिकडून येणाऱ्या पैशांतले काही थेट थांबणाऱ्याच्या खात्यावर का जाऊ नयेत. पैशाचे बोलले की नाते उणे होते, असे कोणी म्हणेल. वाटणीच्या वेळी जी भांडणे होतात ती बोलल्याने होतात की न बोलल्याने, याचा विचार त्याने करावा.

गोव्यातले आपले कॅथलिक बांधव पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, आणि तिथून जहाजांवर गेले. मुंबईत धोबीतलाव, डाबूळ, माझगाव या भागांत त्यांचे 'कूड' होते. एकेका गावाची एकेक खोली, गावच्या संताचे नाव, प्रत्येकाची एक ट्रंक आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी. राहणारा वर्गणी भरायचा, आणि गावच्या सणाला, चर्चच्या कामाला तिथूनच हातभार लागायचा. जाणारा एकटा जात नसे आणि मागच्यांचा हिशेब एकट्यावर सोडत नसे. आपली पाच-सात मुले उद्या एकाच देशात असतील, तर त्यांना असे काही जमवता येईल. निदान ज्यांचे आईवडील इथे एकटे आहेत त्यांच्यासाठी एक सामाईक रक्कम इथे ठेवता येईल, म्हणजे रात्री-अपरात्री गाडी करायची वेळ आली तर शेजाऱ्याला खिशात हात घालावा लागणार नाही. याविषयी पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत बोलू.

वर ज्या घरांविषयी लिहिले, त्यांपैकी एका घरात बोलणे झाले आहे. सुनेने बारावीनंतर एएनएमला घेतलेला प्रवेश लग्नामुळे सोडला होता, हे घरातल्या पुरुषांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. नणंदेच्या पहिल्या वर्षाच्या पैशांतून तिची फी भरायची, असे ठरले आहे. ती वर्गात असेल तेव्हा सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळणार, यावर अजून बोलणे चालू आहे. टिप्परवरच्या नवऱ्याने पाळी बदलून मागितली आहे.

आपला,
धर्मगुरू